काँक्रीटभरित पोलादी नलिका-स्तंभ : सामर्थ्य, वर्तन आणि यवतमाळ जिल्ह्यातील उपयोजन

प्रस्तावना :
यवतमाळ जिल्ह्यात बांधकामे पावसाळ्यापूर्वी आटोपण्याची घाई असते. त्यामुळे स्तंभांचे काँक्रीट पुष्कळदा एप्रिल-मे महिन्यांत, पारा ४० अंशांपलीकडे गेला असताना आणि पाण्याची टंचाई असताना ओतले जाते. आय. एस. ४५६ : २००० या संहितेनुसार उष्ण व कोरड्या हवामानात काँक्रीट किमान १० दिवस ओले राखणे आवश्यक आहे, परंतु उभ्या स्तंभावर मारलेले पाणी टिकत नाही. मुकुटबन येथे २०२२ मध्ये सिमेंट प्रकल्प कार्यान्वित झाला, तरी केवळ सिमेंटच्या उपलब्धतेने हा प्रश्न सुटत नाही. या दृष्टीने काँक्रीटभरित पोलादी नलिका-स्तंभाचा विचार येथे केला आहे.

भारवहनाचे स्वरूप :
काँक्रीट दाबास समर्थ, परंतु ताणास दुर्बल असते. पोलादाची पातळ नलिका ताण सहन करते, परंतु दाबाखाली तिची भिंत आत किंवा बाहेर दुमडते. दोहोंच्या संयोगात काँक्रीट नलिकेला आत दुमडू देत नाही व नलिका काँक्रीटला बाहेर फुगू देत नाही. आरंभी पोलादाचा आडवा प्रसार काँक्रीटपेक्षा अधिक असल्याने ही आवळ जाणवत नाही. भार वाढून काँक्रीटमध्ये सूक्ष्म तडे पडू लागले की ते फुगते आणि नलिका त्यास सर्व बाजूंनी आवळते. त्यामुळे स्तंभ एकाएकी न फुटता हळूहळू आखूड होतो. वर्तुळाकार नलिकेत आवळ सर्वत्र समान असते. चौकोनी नलिकेत ती मुख्यतः कोपऱ्यांपाशी मिळते. उंच व सडपातळ स्तंभ आधीच वाकत असल्याने त्यास हा लाभ अत्यल्प मिळतो.

उदाहरण :
बाह्य व्यास २१९ मिमी व जाडी ६ मिमी असलेली नलिका घेऊ. पोलादाचे क्षेत्रफळ सुमारे ४,०१५ चौ. मिमी भरते, २५० न्यूटन प्रति चौ. मिमी सामर्थ्याने ते सुमारे १,००० किलोन्यूटन भार पेलते. आतील एम ३० काँक्रीटचे दंडगोल-सामर्थ्य २४ धरल्यास आणखी सुमारे ८०० किलोन्यूटनची भर पडते. आवळीचा लाभ व सुरक्षा-गुणक यांत धरलेले नाहीत.

स्थानिक उपयोजन व मर्यादा :
नलिका हाच साचा असल्याने स्तंभाला सेंट्रिंग लागत नाही. मिश्रणातील पाणी आतच राहते. म्हणून बाहेरून पाणी मारण्याची गरज उरत नाही. मात्र उन्हात तापून प्रसरण पावलेली नलिका काँक्रीटपासून सुटू शकते. यास्तव काँक्रीट पहाटे ओतावे व नलिकेवर सावली करावी. आतील पोकळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. हातोडीने ठोकून किंवा श्रवणातीत ध्वनिलहरींनी तपासणी करावी. आगीत वाफ कोंडू नये म्हणून नलिकेस छिद्रे ठेवावीत व बाह्य पृष्ठास गंजरोधक लेप द्यावा. तुळईशी होणारा जोड कुशल वेल्डिंगची अपेक्षा करतो.

निष्कर्ष :
चिनाब रेल्वे पुलाच्या कमानीतील पोलादी पेट्यांतही काँक्रीट भरलेले आहे. आय. एस. ११३८४ : २०२२ या संहितेत संयुक्त स्तंभांचा समावेश झाल्याने संकल्पनास आधार मिळाला आहे. लहान घरांसाठी ही पद्धत महाग ठरते. परंतु शाळा, रुग्णालये व बहुमजली इमारती यांचे काम उन्हाळ्यात करणे अपरिहार्य असल्यास ती विचारार्ह आहे. नलिकेमुळे पाण्याची बचत होते. दक्ष देखरेखीची गरज मात्र कमी होत नाही.