टाकी भरली की रुसणारी चिप

खांदेश्वर स्टेशनात उतरून कामोठ्याच्या बाजूला बाहेर पडले की थोड्याच अंतरावर आमची सोसायटी आहे. सात मजले, गच्चीवर एक टाकी, जमिनीखाली दुसरी आणि दोहोंच्या मध्ये एक पंप. हा पंप कधी लावायचा आणि कधी बंद करायचा, यावरून आमच्याकडे जितकी भांडणे झाली तितकी पार्किंगवरूनही झाली नसतील. टाकी वाहू लागली की सातव्या मजल्यावरच्या वहिनी ओरडत. पंप लावायचा राहिला की सगळी इमारत. मी तेव्हा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत उपकरणांच्या देखभालीचे काम करीत असे. त्यामुळे 'आता तुम्हीच काहीतरी करा' हे वाक्य माझ्या दारी येणार, हे ठरलेलेच होते. २००९ च्या उन्हाळ्यात मी ते अंगावर घेतले.

लॅमिंग्टन रोडवरून ८०५१ च्या घराण्यातली एक चिप आणली. हे घराणे इंटेलने १९८० मध्ये सुरू केले. मायक्रोप्रोसेसर, थोडी स्मृती, वेळ मोजणारे टायमर असा सगळा संसार एकाच काळ्या वडीत. वडीला दोन रांगांत मिळून चाळीस पाय. इंग्रजीत त्यांना पिन म्हणतात, पण आम्हा कारखान्यातल्या माणसांना पाय हाच शब्द जवळचा. यातले आठ पाय वीज, घड्याळाचा स्फटिक, रीसेट अशा ठरलेल्या कामांना जातात. उरले बत्तीस. हे सगळे आपल्या मर्जीचे, असे नवख्याला वाटते. मलाही वाटले होते.

पण पुस्तिकेतली आकृती नीट पाहिली, तर बहुतेक पायांशेजारी कंसात दुसरे नाव लिहिलेले असते. तिसऱ्या पोर्टाचे आठही पाय दुहेरी नोकरीत: दोन संगणकाशी बोलण्यासाठी, दोन बाहेरून कोणी हाक मारली तर ती ऐकण्यासाठी, दोन मोजणीसाठी आणि दोन बाहेरच्या स्मृतीत लिहिण्या-वाचण्यासाठी. शून्य नंबरच्या पोर्टाची तर गंमतच आहे. त्याच आठ तारांवर एका क्षणी पत्ता जातो आणि पुढच्याच क्षणी माल. पहिल्या क्षणीचा पत्ता धरून ठेवायला बाहेर आणखी एक चिप बसवावी लागते. तुम्ही बाहेरची स्मृती जोडलीत, की बत्तिसातले अठरा पाय गेलेच. संगणकाशी बोलायचे म्हटले की आणखी दोन गेले. हातात उरतात बारा.

असे का करतात? आतले सिलिकॉन दर काही वर्षांनी बारीक होत गेले. पूर्वी खोलीभर जागा घेणारी मंडले नखावर मावू लागली. पाय मात्र त्या वेगाने बारीक होऊ शकत नाहीत. प्रत्येक पायासाठी चिपच्या काठावर जागा लागते, आतून केसासारखी तार जोडावी लागते, आणि बाहेर तो पाय कोणीतरी डाग देऊन बसवायचा असतो. म्हणजे डोके स्वस्त, पाय महाग. १९७१ च्या इंटेल ४००४ ला तर अवघे सोळा पाय होते. बारा अंकी पत्ता चार तारांवरून तीन हप्त्यांत पाठवला जाई, आणि मग त्याच तारांवरून आज्ञा आत येई. आजच्या काही चिपांत एकेका पायाला सोळापर्यंत भूमिका नेमून दिलेल्या असतात. चार बिटांचा आकडा लिहिला की भूमिका बदलते.

वन रूम किचनमध्ये वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. दिवसा जी बैठकीची खोली, तीच रात्री झोपण्याची. हे सारे सुखाने चालते. फजिती होते ती गाद्या पसरलेल्या असताना दारात पाहुणा उभा राहिला की.

माझा पाहुणा जूनमध्ये आला. पाणी येण्याची वेळ बदलली, म्हणून प्रोग्रॅम बदलायचा होता. चिप बोर्डावरून न काढताच तिच्यात नवा प्रोग्रॅम भरता येत असे. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो. तार जोडली, तर पडद्यावर उत्तर: चिप सापडत नाही. पेटी उचलून घरी आणली, जेवणाच्या टेबलावर ठेवली. पहिल्या झटक्यात प्रोग्रॅम भरला गेला. पण गच्चीवर बसून फेरफार केल्याशिवाय वेळांचा मेळ बसेना, आणि गच्चीवर पेटी ऐकेना. तार बदलली. कनेक्टर पुसला. पावसाळी दमट हवेला दोष दिला, तो तर फुकटच देता येतो. असाच एकदा पेटी घरी घेऊन बसलो असताना खाली पंप कोणी बंदच केला नाही. पाणी जिन्यावरून वाहत लिफ्टच्या खड्ड्यात उतरले. लिफ्ट दोन दिवस बंद, आणि सहाव्या मजल्यावरच्या आजी दोन दिवस घरात अडकून. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

कोडे सोडवले ते आमच्या वॉचमन मामांनी. ते प्रत्येक वेळी टॉर्च धरून शेजारी उभे असत. म्हणाले, "साहेब, टाकी भरली का तुमचं यंत्र रुसतंय बघा. परवा दुपारी रिकामी व्हती तवा लगीच ऐकलं की."

मी हसलो. जिना उतरता उतरता हसू थांबले.

प्रोग्रॅम आत घेण्यासाठी चिपचा रीसेटचा पाय बाहेरून धरून ठेवला जातो आणि एरवी साधे असणारे तीन पाय त्या वेळेपुरते दरवाजा बनतात. त्यातल्या ज्या पायाने प्रोग्रॅम आत शिरतो, त्याच पायाला मी टाकीच्या वरच्या तरंगत्या स्विचची तार जोडली होती. का, तर बोर्डावर ती जागा सोयीची होती. टाकी भरली की स्विच मिटे आणि तो पाय सरळ ग्राउंडला बांधला जाई. लॅपटॉप कितीही हाका मारो, दाराला आतून कडी. सकाळी पंप चालून टाकी भरलेली असे, आणि मी नेमका तेव्हाच वर जाई. घरच्या टेबलावर स्विच नसायचाच.

उपाय काय, तर स्विचच्या तारेत एक हजार ओहमचा एक रेझिस्टर. चिपला स्विच वाचता येतो आणि लॅपटॉपचा जोर त्या रेझिस्टरवर मात करतो. मी झाकणाच्या आत कागद चिकटवून कोणत्या पायावर कोणाची किती कामे आहेत, ते लिहून ठेवले. मामांना चहा पाजला. त्यांनी दोन खारीही मागितल्या.

ती पेटी बरीच वर्षे चालली. गेल्या वर्षी शेजारच्या मुलाने तिच्या जागी नवा वाय-फायवाला बोर्ड बसवला. पंप आता मोबाइलवर दिसतो. एका रात्री वीज जाऊन आली आणि बोर्ड उठेचना. सकाळी तो माझ्याकडे आला. "काका, कधी लगेच सुरू होतो, कधी काही केल्या होत नाही."

"टाकी भरलेली होती का?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. वरचा स्विच त्याने बारा नंबरच्या पिनवर घेतला होता. सुरू होताना ती चिप क्षणभर याच पिनकडे पाहते आणि आपल्या स्मृतीला किती व्होल्टची वीज द्यायची ते ठरवते. पिन उंचावलेली दिसली की स्मृतीला ३.३ ऐवजी १.८ व्होल्ट जातात आणि बोर्ड तिथेच बसकण मारतो. आम्ही स्विचची तार दुसऱ्या पिनवर हलवली. झाकण लावताना त्याने विचारले, "तुम्हाला कसं कळलं?" मामा तोवर नोकरी सोडून गावी गेले होते, म्हणून त्यांची गोष्ट मीच सांगितली.