मागच्या चाकांची खबर

अमेरिकेत मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून हिंडणारी कुटुंबे पुष्कळ. मोटारीचा टायर बसला तर स्टिअरिंग हाताला सांगते. मागच्या ट्रेलरचा बसला तर चालकाला अनेकदा पत्ताच लागत नाही. हवा कमी झालेल्या टायरची बाजू प्रत्येक फेरीत जास्त वाकते, उष्णता साठते आणि अखेर टायर फाटतो.

२००० सालच्या कायद्यानंतर तिथल्या नव्या मोटारींत टायरच्या दाबावर नजर ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली, ट्रेलरना नाही. म्हणून मालक व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी स्वतःच सेन्सर बसवतात. तो दाब आणि तापमान मोजून रेडिओलहरींनी चालकापुढच्या पडद्यावर पाठवतो. ट्रेलर लांब असेल तर मध्ये या लहरी पुढे पोचवणारा रिपीटर लागतो.

हवा भरायची ती टायर थंड असताना. ६५ पीएसआय दाबाचा टायर २० अंश सेल्सिअसने तापला, की दाब सुमारे ५ पीएसआयने वाढतो. हे अपेक्षितच आहे. घाबरून हवा सोडली तर गार झाल्यावर दाब कमी पडेल. मात्र एकच चाक इतरांपेक्षा जास्त तापत असेल, तर गाडी थांबवून त्याचे ब्रेक आणि बेअरिंगही तपासावे.