मराठी नावे, लिनक्स आणि २५५ बाइट

कुडवा येथील आमच्या निवासी विद्यालयाच्या संगणक कक्षात लिनक्स वापरले जाते. कार्यालयीन लेखन मात्र बहुतांशी विंडोजवर होते. साहजिकच याद्या, निबंध व अहवाल यांची ने-आण पेनड्राइव्हने होते आणि तीत एक अडथळा वारंवार येतो. फोल्डरमधील इतर फाइली सुरळीत उतरतात. एखादी मात्र ‘फाइलचे नाव फार लांब आहे’ असा संदेश देऊन अडते. तीच फाइल विंडोजवर विनातक्रार उघडते. मग पेनड्राइव्ह बिघडला, व्हायरस शिरला, लिनक्सला मराठी चालत नाही, असे तर्क सुरू होतात. खरे कारण मोजमापात आहे.

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत नावाची मर्यादा २५५ चिन्हांची आहे. लिनक्सवरील प्रचलित ईएक्सटी४ पद्धतीतही आकडा २५५ हाच. परंतु तेथे चिन्हे मोजली जात नाहीत, बाइट मोजले जातात. लिनक्सवर नावे साधारणतः यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली जातात. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या या पद्धतीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व हलन्त हीदेखील स्वतंत्र चिन्हेच होत. ‘कुडवा’ या शब्दात क, उकार, ड, व आणि काना अशी ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. निव्वळ देवनागरी नावाला त्यामुळे ८५ चिन्हांचीच जागा उरते.

एक उदाहरण पाहू : ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीनिमित्त आयोजित निबंध स्पर्धेत सहभागी झालेल्या विद्यार्थ्यांची यादी’. यात देवनागरीची ८२ चिन्हे आहेत. त्यांचे २४६ बाइट. १० मोकळ्या जागा व एक टिंब यांचे ११, आणि शेवटच्या ‘.ओडीटी’ या रोमन लिपीतील शेपटीचे ४. एकूण २६१. केवळ ६ बाइटांसाठी फाइल अडते. ‘सहभागी झालेल्या’ हे दोन शब्द गाळताच बेरीज २१७ वर येते आणि फाइल उतरते.

ही मर्यादा प्रत्येक नावाला स्वतंत्रपणे लागू असल्याने फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवून उपयोग होत नाही. फोल्डरच्या नावालाही हाच नियम आहे. काठोकाठ बसलेले नावही पुढे त्रास देते. लिब्रेऑफिस फाइल उघडताना मूळ नावाला ८ बाइट जोडून एक तात्पुरती फाइल करते. प्रत काढतानाही नावाला शब्द जोडला जातो. म्हणून ६० चिन्हांच्या आत राहावे, हे उत्तम.

उपाय सोपा आहे. नाव पेनड्राइव्हवरच लहान करावे व नंतर फाइल उतरवावी. सविस्तर मथळा फाइलच्या आत लिहावा; बाहेर ‘जयंती निबंध यादी’ पुरे. नावातील वर्ष रोमन अंकांत लिहिल्यास प्रत्येक अंकामागे २ बाइट वाचतात. मराठी सोडण्याचे मात्र काहीही कारण नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संदेश येताच ‘वगळा’ दाबून पुढे जाऊ नये. पेनड्राइव्ह रिकामा करण्यापूर्वी दोन्हीकडील फाइलींची संख्या ताडून पाहावी. वगळलेल्या त्या एका फाइलीत शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्यांची नावे असू शकतात.