कुळाचा वाजवी खंड कोण ठरवतो?

दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या कुळाने मालकाला किती खंड द्यावा, हे पूर्वी बहुधा मालकाच्या मर्जीवर अवलंबून असे. ही मर्जी कायद्याच्या चौकटीत आणली ती मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ ने. पश्चिम महाराष्ट्र व कोकणात हाच कायदा लागू आहे; विदर्भ व मराठवाड्यासाठी स्वतंत्र कायदे आहेत.

मूळ कायद्याने बागायतीत पिकाचा एकचतुर्थांश, तर इतर जमिनीत एकतृतीयांश अशी खंडाची कमाल मर्यादा घातली. याहून कमी दर ठरविण्याचा अधिकार सरकारला दिला. वाजवी खंडासाठी मामलेदाराकडे अर्ज करण्याचीही सोय होती. परिसरातील तशाच जमिनींचे खंड, शेतीतील नफा, पिकांचे भाव, मालकाने किंवा कुळाने केलेल्या सुधारणा आणि सरकारी आकार, हे त्याचे निकष होते.

सरकारला दिलेल्या अधिकारालाच पुढे आव्हान मिळाले. विधिमंडळाने आपले काम शासनाच्या हाती सोपवले, असा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयात १९६० साली न्या. सुब्बा राव यांना तो पटला. मात्र न्या. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या बहुमताच्या निकालाने तरतूद वैध ठरवली. कायद्याचे उद्दिष्ट आणि वाजवी खंडाचे निकष हेच शासनाला पुरेसे मार्गदर्शन आहे, असा त्याचा आशय होता.

तत्पूर्वीच, १९५६ च्या दुरुस्तीने, खंड आकाराशी जोडला गेला. तो आकाराच्या दुपटीहून कमी नसावा आणि आकाराची पाचपट किंवा एकरी २० रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल तिच्यापेक्षा जास्त नसावा, असे ठरले. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी बहुतेक कुळे कायद्याने खरेदीदार मानली गेली. तरीही खंडाचा प्रश्न संपला नाही. सूट मिळालेल्या सार्वजनिक न्यासांच्या जमिनींवरील कुळांना खरेदीचा हक्क नाही; खंडाच्या मर्यादेचे संरक्षण मात्र आहे.

हे वाद दिवाणी न्यायालयात चालत नाहीत. कोणी कूळ आहे की नाही, हेदेखील मामलेदार, म्हणजे आजचा तहसीलदार, ठरवतो. कायद्यात नमूद केलेल्या आदेशांवर जिल्हाधिकाऱ्याकडे अपील व त्यापुढे महसूल न्यायाधिकरणाकडे फेरतपासणी अर्ज करता येतो. न्यायाधिकरण मुख्यतः कायद्याचा भंग किंवा कार्यपद्धतीतील गंभीर दोष पाहते. पुरावा नव्याने तोलत नाही. उच्च न्यायालयाचा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ खालील अधिकारही देखरेखीपुरताच आहे.

म्हणूनच पहिल्या पायरीवर काय दाखल झाले, याला निर्णायक महत्त्व येते. खंडाची पावती देणे मालकावर बंधनकारक आहे. तोंडी व्यवहारावर विसंबून ती न घेणारे कूळ खंडाबरोबरच आपले कूळपणही सिद्ध करण्याचे साधन गमावते. कायद्याचे संरक्षण कितीही भक्कम असले, तरी त्याचा लाभ अखेर या कागदाच्या तुकड्यावर अवलंबून राहतो.