मुखकर्करोग आणि मानेची शस्त्रक्रिया : एका चाचणीचा परिचय

तंबाखू, गुटखा व मिश्री यांच्या सेवनाशी निगडित असलेला मुखाचा कर्करोग महाराष्ट्रात खेड्यापासून धायरीसारख्या उपनगरापर्यंत आढळतो. हा रोग प्रथम मानेतील लसिकाग्रंथींत पसरतो. प्रारंभिक अवस्थेत त्या ग्रंथी हाताला लागत नाहीत, तथापि काही रुग्णांत त्यांमध्ये सूक्ष्म रोग दडलेला असतो. अशा वेळी तोंडातील गाठीबरोबरच मानेतील ग्रंथी काढाव्यात, की तेथे गाठ उद्भवेपर्यंत थांबावे, हा वाद अनेक दशके चालू होता. थांबण्याचा पक्षही दुर्बल नव्हता. ज्याच्या मानेत रोगच नाही, त्याला खांद्याचे दुखणे विनाकारण सोसावे लागते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल हे शल्यचिकित्सकाने ठरवावयाचे नाही, हे या पद्धतीचे मर्म होय. अन्यथा बऱ्या प्रकृतीचे रुग्ण नकळत एकाच गटात जमतात. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात, तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ग्रंथी आधीच काढलेल्या गटात ८० टक्के, तर दुसऱ्या गटात ६७.५ टक्के आढळले. हा फरक दिसल्यावर देखरेख समितीच्या शिफारशीवरून चाचणी थांबविण्यात आली. निष्कर्ष २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

या आकड्यांचा अर्थ असा, की आठ रुग्णांच्या ग्रंथी आधीच काढल्यास एक मृत्यू टळतो. तो एक रुग्ण कोणता, हे मात्र शस्त्रक्रियेपूर्वी सांगता येत नाही.