थंड इंजिनाची पहिली दहा मिनिटं

डिसेंबर-जानेवारीत कडा, धानोरा, आष्टी या पट्ट्यात पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. त्याच वेळेला दुधाच्या पिकअप निघतात, कांद्याच्या गाड्या बाजार समितीचा रस्ता धरतात, नगरला कामाला जाणारे अंगणातून गाडी काढतात. काही गाड्या निघण्याआधी दहा-पंधरा मिनिटं जागेवरच चालू असतात, तर काही सेल्फ मारताच सुसाट सुटतात. दोन्ही सवयींनी इंजिन झिजतं. गाडी सुरू करून लगेच निघावं आणि सुरुवातीला हळू चालवावं, हे दोन्हींपेक्षा चांगलं.

रात्रभर उभ्या गाडीत काय होतं

गाडी बंद झाली की ऑइल हळूहळू खाली चेंबरमध्ये उतरतं. वरच्या भागांवर त्याचा पातळ थर तेवढा राहतो. गारठ्यात ऑइल काकवीसारखं जड होतं, त्यामुळे सकाळी पंपाने ते वर चढायला काही सेकंद जातात. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यातला पहिला आकडा थंडीतल्या पातळपणाचा असतो. तो जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर पोहोचतं. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला ग्रेडच भरावा. ‘जाड ऑइल म्हणजे इंजिनाला जास्त संरक्षण’ ही समजूत थंड इंजिनाला महागात पडते.

ॲल्युमिनियमचा पिस्टन तापल्यावर जो आकार घेईल, तो धरून घडवलेला असतो. थंडपणी तो सिलिंडरमध्ये किंचित सैल असतो, आणि तेव्हाच जोर दिला तर झीज वाढते.

इंजिन नीट काम करतं ते पाणी ९० अंशांच्या आसपास तापल्यावर. म्हणजे मे महिन्यातली तीस अंशांची सकाळसुद्धा त्याच्या दृष्टीने थंडच. पुढच्या गोष्टी बाराही महिने पाळायच्या आहेत.

सेल्फ मारताना

डिझेल गाडीत चावी फिरवली की स्प्रिंगसारखं चिन्ह असलेला दिवा लागतो. आत हीटर प्लग तापत असतात. तो दिवा विझल्यावरच सेल्फ मारावा. क्लच पूर्ण दाबून ठेवला तर गिअरबॉक्समधलं थंड, जड ऑइल घुसळण्याचं ओझं स्टार्टरवर येत नाही. जुन्या बॅटरीला याची फार मदत होते.

सुरू झाल्या झाल्या रेस देऊ नये. ऑइल पोहोचायच्या आत फिरणं वाढवलं, तर सर्वात आधी बेअरिंग आणि टर्बो भोगतात.

जागेवर तापवण्याची सवय कुठून आली

पहिल्या मारुती ८००सारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांना चोक ओढावा लागे, आणि थंडपणी त्या हिसके देत, बंद पडत. तेव्हा थोडं थांबणं भाग होतं. आजच्या गाडीत तापमान बघून कॉम्प्युटरच इंधन कमी-जास्त करतो. वीस-तीस सेकंदांत आवाज स्थिर झाला की निघता येतं. तेवढ्यात सीटबेल्ट लावून होतो, काचेवरचं दवही पुसून होतं.

बिनओझ्याचं इंजिन, त्यातही डिझेलचं, फार हळू तापतं. थंडपणी पेट्रोल नेहमीपेक्षा जास्त सोडलं जातं. त्यातलं न जळलेलं सिलिंडरच्या भिंतीवर बसून ऑइलचा थर धुऊन काढतं आणि खाली झिरपून ऑइल पातळ करतं. जितका वेळ थंडपणात, तितकं हे चालू राहतं.

धुराचंही तसंच आहे. सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांना पोहोचल्यावर खरं काम करू लागतो. म्हणूनच नव्या मॉडेलच्या मंजुरीच्या चाचणीत गाडी आधी काही तास २० ते ३० अंशांत ठेवतात आणि धूर इंजिन सुरू झाल्या क्षणापासून मोजतात. आणि पत्र्याच्या बंद शेडमध्ये, शटर ओढून, गाडी कधीच चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो माणसाचा जीव घेतो.

पहिले काही किलोमीटर

पेट्रोल गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण २,५०० आणि डिझेलचं २,००० फेऱ्यांच्या (आरपीएम) आत ठेवावं. याचा अर्थ लवकर टॉप गिअर टाकून गाडी ओढत नेणं असा नव्हे. कमी फेऱ्यांवर पाय खोल दाबला की बेअरिंगवर धक्का बसतो. गिअर खालचाच ठेवावा, पाय हलका ठेवावा. माल भरलेल्या पिकअपला हे जास्त लागू. कांदा भरून चढावरच गाडी सुरू करायची वेळ येत असेल, तर आदल्या रात्री ती सपाटीवर लावून ठेवलेली बरी.

बऱ्याच गाड्यांत थंडपणी निळा दिवा असतो, काहींत काटा. तो दिवा विझला म्हणजे पाणी तापलं, ऑइल नव्हे. ऑइलला आणखी वेळ लागतो, म्हणून नगर रस्त्याला लागल्यावर आणखी पाच-सात किलोमीटर दमाने घ्यावं. गिअरबॉक्स, टायर, शॉकॲब्सॉर्बर हे तर चालल्याशिवाय तापतच नाहीत.

सीएनजी

टाकीत २०० बारला दाबलेला वायू दाब उतरताना एकदम गार होतो. त्याला ऊब देण्याचं काम इंजिनाचं गरम पाणी करतं. म्हणून बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग आपोआप वायूवर जातात. त्यामुळे टाकीत थोडं पेट्रोल कायम हवंच.

घर ते स्टेशन

इंजिनाला सर्वात वाईट प्रवास म्हणजे जवळचा. सप्टेंबर २०२२मध्ये नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली आणि कड्याला स्टेशन मिळालं. कुणाला स्टेशनवर सोडून घरी यायचं, मग दुकान, मग शाळा. दिवसभर गाडी चालते, पण एकदाही पूर्ण तापत नाही. ऑइलमध्ये झिरपलेलं पेट्रोल आणि साचलेली वाफ उडून जायला ते ऑइल चांगलं तापावं लागतं. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळीची जाळीही असते. ती साफ व्हायलाही सलग धाव लागते. ही सफाई अर्धवट राहत गेली तर बऱ्याच इंजिनांत डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवरची पातळी वाढलेली दिसते. अशी वाढ दिसली तर मेकॅनिकला दाखवावी.

अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा तास तरी सलग पळवावं. जवळच्या फेऱ्यांसाठी पायी किंवा सायकलने जाता आलं तर आणखी चांगलं. पुस्तिकेत कठीण वापराच्या गाड्यांसाठी ऑइल बदलण्याची मुदत वेगळी आणि कमी दिलेली असते. सतत छोट्या फेऱ्या हा कठीण वापरच आहे, त्यामुळे ऑइल त्या मुदतीने बदलावं.