जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींमधील क्रँकशाफ्ट सील

क्रँकशाफ्ट सील हे टू-स्ट्रोक (द्विधाव) इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या दोन्ही टोकांना बसवले जाणारे, रबरी ओठ असलेले गोल कडे होय. बोलीभाषेत त्याला 'ऑइल सील' म्हणतात. फोर-स्ट्रोक इंजिनात असे सील मुख्यतः वंगण तेल आत राखण्याचे काम करते. टू-स्ट्रोक इंजिनात मात्र क्रँककेसची हवाबंद स्थिती त्यावर अवलंबून असते. त्यामुळे सील चुकीचे बसल्यास केवळ तेलगळती होत नाही, तर इंधन व हवेचे प्रमाण बिघडून पिस्टन निकामी होऊ शकतो.

कार्य

पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये दाब कमी होतो आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल, तेल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. पिस्टन खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन सिलिंडरमध्ये जाते. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर दाबातील हा चढउतार सेकंदाला १०० वेळा होतो. सीलचा ओठ एका बारीक वर्तुळाकार स्प्रिंगमुळे शाफ्टला चिकटून राहतो व दोन्ही अवस्थांत गळती रोखतो.

दोन सिलिंडरांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरच्या क्रँककेसचा कप्पा स्वतंत्र असतो. त्यामुळे शाफ्टच्या मध्यभागीही सीलची गरज भासते. भारतात १९८० च्या दशकात विकली गेलेली राजदूत ३५० ही या प्रकारची मोटारसायकल होती. येझदी २५० आणि यामाहा आरएक्स १०० यांची इंजिने एका सिलिंडरची होती.

बिघाडाची लक्षणे

बिघडलेले सील कोणत्या बाजूचे आहे, यावर लक्षणे अवलंबून असतात.

मॅग्नेटोच्या बाजूचे सील गळू लागल्यास बाहेरची हवा आत शिरते व मिश्रणातील इंधनाचे प्रमाण घटते. थ्रॉटल बंद केल्यावरही इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही, स्पार्क प्लग पांढरट दिसतो आणि इंजिन अधिक तापते. पेट्रोलबरोबर येणारे वंगणही कमी पडत असल्याने पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होण्याचा धोका असतो.

क्लचच्या बाजूचे सील गळल्यास तेथील तेल क्रँककेसमध्ये ओढले जाते. सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येतो, प्लग तेलकट होतो आणि बाहेर गळती दिसत नसतानाही तेलाची पातळी घटत जाते.

दीर्घकाळ बंद असलेल्या मोटारसायकलीत सीलचे रबर कडक झालेले असते. त्यामुळे इंजिन सुरू होत असले, तरी सील सुस्थितीत आहेत असे मानता येत नाही.

सीलची निवड

सीलवर सहसा त्याची मापे कोरलेली असतात. उदाहरणार्थ, २५×४०×७ म्हणजे आतील व्यास २५, बाहेरील व्यास ४० आणि जाडी ७ मिलिमीटर. नायट्राइल रबराचे सील सर्वत्र वापरले जातात. फ्लोरोकार्बन रबराचे सील महाग असले, तरी उष्णता व इथेनॉलमिश्रित पेट्रोल यांना अधिक चांगले तोंड देतात.

बसवण्याची पद्धत

जुने सील काढण्यापूर्वी त्याची दिशा व खोली यांची नोंद करावी. स्प्रिंग दिसणारी उघडी बाजू सामान्यतः क्रँककेसकडे असते. तथापि क्लचच्या बाजूला काही इंजिनांत दोन ओठांचे किंवा वेगळ्या दिशेचे सील असते, म्हणून निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी. काही सीलच्या बाहेरील कडेला उंचवटा असून तो क्रँककेसमधील खाचेत अडकतो. असे सील बाहेरून ठोकून बसवता येत नाही, त्यासाठी क्रँककेस उघडावी लागते.

सीलची जागा स्वच्छ करून शाफ्टचा पृष्ठभाग तपासावा. जुन्या ओठाने शाफ्टवर चर पाडली असल्यास नवे सीलही गळते. खोलीत मुभा असल्यास सील किंचित पुढेमागे बसवून ओठ चरीपासून दूर ठेवता येतो. मात्र बेअरिंगला वंगण पुरवणारे छिद्र त्यामुळे झाकले जाऊ नये.

शाफ्टवरील आटे व चावीची खाच यांवर पातळ चिकटपट्टी गुंडाळावी, अन्यथा त्यांच्या धारेने ओठ कापला जातो. ओठाला टू-स्ट्रोक तेल लावावे. कोरड्या ओठाने इंजिन सुरू केल्यास तो पहिल्याच काही क्षणांत घासला जातो. सीलच्या बाहेरील व्यासापेक्षा किंचित लहान, सपाट तोंडाच्या नळीने ते सर्व बाजूंनी सारख्या दाबाने आत सरकवावे. एका बाजूने ठोकल्यास सील तिरके बसते.

चाचणी

कार्ब्युरेटर व सायलेन्सर यांची तोंडे बंद करून, प्लग जागेवर ठेवून आणि पिस्टन सर्वांत खालच्या स्थितीत आणून इंजिनात सुमारे ०.४ बार दाबाची हवा भरतात. काही मिनिटे दाब टिकल्यास जोड हवाबंद आहेत असे समजतात. गळतीची जागा साबणाच्या पाण्याच्या फुग्यांवरून कळते.

आतील दाब ओठाला शाफ्टवर दाबतो, तर निर्वात स्थिती त्याला उचलू पाहते. त्यामुळे दाबाच्या चाचणीत उत्तीर्ण झालेले सील निर्वाताच्या चाचणीत अपयशी ठरू शकते. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी दोन्ही चाचण्या करणे योग्य ठरते.